एका वाराचा खेळ

जुलै १९९३मध्ये ओसाकाच्या एसएनके कंपनीचा 'सामुराई स्पिरिट्स' आर्केडमध्ये आला, तेव्हा फायटिंग गेम म्हटलं की 'स्ट्रीट फायटर २' हेच नाव तोंडात येई. ठोशामागून ठोसा, लाथेमागून लाथ. ज्याची बोटं चपळ, त्याचा डाव. यासुशी आदाची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेळाडूच्या हाती तलवार दिली आणि सगळं गणितच बदललं. जोरकस वार नेमका बसला, तर समोरच्याच्या प्राणपट्टीचा मोठा लचका क्षणात तुटे. तोच हुकला, तर वार करणारा उघडा पडे. त्यामुळे दोघेही अंतर राखून, समोरचा कधी चुकतोय याची वाट बघत उभे राहत. परदेशात हा गेम 'सामुराई शोडाउन' नावाने गेला आणि तिथेही या थांबण्यातल्या थराराने लोकांना वेड लावलं.

एसएनकेच्या निओ जिओ यंत्रावर बटणं चारच: दोन वारांची, दोन लाथांची. वाराची दोन्ही एकदम दाबली की सर्वांत जड घाव. लढवय्ये लांब गेले की कॅमेरा मागे सरके, जवळ आले की चित्र मोठं होई. ही करामत कंपनीने आदल्या वर्षीच 'आर्ट ऑफ फायटिंग'मध्ये दाखवली होती. पण तलवारबाजीत अंतरालाच सारं मोल, म्हणून ती शोभली इथेच. मार खाणाऱ्याची रागाची पट्टी भरत जाई आणि भरली की त्याचे घाव आणखी जड होत. दोन पाती एकमेकांत अडकली, तर बटणं बडवण्याची चढाओढ लागे. हरणाऱ्याचं शस्त्र हातातून उडून दूर पडे आणि ते पुन्हा उचलेपर्यंत त्याला रिकाम्या हाताने निभवावं लागे. पार्श्वभूमीला शामिसेन आणि शाकुहाची बासरी. पंच म्हणून काळ्या कपड्यांतला कुरोको. काबुकीच्या रंगमंचावर सामान हलवणारा हा सेवक दिसतच नाही, असं प्रेक्षकांनी मानायचं असतं. इथे मात्र तो केंडोच्या पंचासारखे लाल-पांढरे झेंडे उंचावत दोघांच्या मागे ठळक उभा असतो.

कथा १७८८मधली, तेन्मेई काळातल्या भीषण दुष्काळाच्या अखेरीची. खलनायक आमाकुसा शिरो हा खरा इतिहासपुरुष. १६३७-३८च्या शिमाबारा उठावात करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांचं आणि छळ सोसणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं नेतृत्व या किशोरवयीन मुलाकडे होतं. उठाव चिरडला गेला आणि त्याचं मुंडकं उडवलं गेलं. तो सूड घ्यायला परत येतो, ही कल्पना यामादा फूतारो यांच्या कादंबरीवरून किंजी फुकासाकू यांनी १९८१मध्ये काढलेल्या चित्रपटात आधीच रंगली होती. तिथे त्याच्याशी झुंजणारा तलवारबाज याग्यू जूबेई गेममध्येही आहे. खरा जूबेई १६५०मध्येच वारला, हे इथे कुणी मनावर घेत नाही.

पण इतिहासाशी खेळताना काही माणसांवर अन्याय झाला. जपानच्या उत्तरेकडच्या आयनू जमातीची नाकोरुरू गेममध्ये ससाणा घेऊन निसर्गाच्या रक्षणासाठी लढते. प्रत्यक्षात पुढच्याच वर्षी, १७८९मध्ये, कुनाशिरी आणि मेनाशी भागांतल्या आयनूंनी जपानी व्यापाऱ्यांच्या जुलमाविरुद्ध हत्यार उपसलं होतं. त्या संतापाचा मागमूसही तिच्या गोष्टीत नाही. भलामोठा मुखवटा घातलेला ताम ताम तर दक्षिण अमेरिकेच्या जंगलातल्या माणसाचं निव्वळ बाहुलं वाटतो.

खेळातले दोष त्याच्या गुणांनाच चिकटून आले. घाव इतके जड की दोन-तीन फटक्यांत डाव आटोपे आणि बाकी सगळं कौशल्य बाजूला राही. लाथा त्या मानाने फिक्या. त्यात मागून पळत जाणारा टपालवाला कधी खाणं फेकी, कधी बॉम्ब. अटीतटीच्या क्षणी मेहनतीपेक्षा नशीब वरचढ ठरे.

घरी खेळणाऱ्यांच्या वाट्याला आणखी तडजोडी आल्या. सुपर निन्टेन्डोवर लढवय्ये कायमचे लहान झाले. सेगाच्या यंत्रावर ते मोठे राहिले, पण कॅमेऱ्याची हालचाल गेली आणि अर्थक्वेक हा अजस्र गडी गाळला गेला.

१९९४च्या दुसऱ्या भागाने बरंच सावरलं. पुढे मात्र मालिका वाहवत गेली. १९९६च्या चौथ्या भागात सलग फटक्यांच्या साखळ्या आल्या, म्हणजे ज्या घाईला पहिल्या गेमने नकार दिला होता, तीच. २००१मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं; तरी २००४मध्ये निओ जिओसाठी आलेला अखेरचा अधिकृत गेम याच मालिकेतला होता.

२०१९च्या नव्या 'सामुराई शोडाउन'ने जड घाव आणि वाट बघणं परत आणलं आणि जुन्या चाहत्यांनी त्याचं मनापासून स्वागत केलं. त्यांची तक्रार होती ती ऑनलाइन लढतींची: ज्या गेममध्ये निकाल एका क्षणावर ठरतो, तिथे नेटवर्कमुळे वार उशिरा पडू लागले.