कुरणातली शाळा आणि वीस मिनिटं

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत अनुताई वाघ होत्या. १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ पासून पालघरमध्ये आहे.

आदिवासी मुलं शाळेत टिकत नव्हती. टिकणार कशी? गुरं कोण राखणार? मग शाळाच गुरांमागे गेली. तिचं नावही छान, कुरणशाळा! बालवाडीतही दगड, पानं, बिया हेच शिकायचं सामान.

ताराबाईंना कुणाचं 'लक्ष' सुधारायचं नव्हतं, हे खरं. पण दोष मुलात न शोधता शाळेच्या रचनेत शोधला, हे मला फार मोठं वाटतं. (आमच्या धंद्यात आधी युजरलाच दोष देतात. असो.)

लक्षाचा विचार वेगळ्या वाटेने आला. विल्यम जेम्सने १८९० मध्ये दोन प्रकार सांगितले: मुद्दाम द्यावं लागणारं लक्ष आणि आपोआप जाणारं. १९८९ मध्ये रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांनी मांडलं की पहिलं दमतं, आणि पानं, ढग, पाणी बघताना त्याला विश्रांती मिळते. मग २००९ साली इलिनॉय विद्यापीठाच्या आंद्रेया फेबर टेलर आणि फ्रान्सिस कुओ यांनी एडीएचडी असलेल्या, ७ ते १२ वर्षांच्या १७ मुलांना वीस-वीस मिनिटं चालायला नेलं. एकदा बागेत, एकदा बाजारभागात, एकदा घरांच्या वस्तीत. नंतर आकडे उलटे म्हणायला लावले. बागेतून आल्यावर मुलांना ते जास्त चांगलं जमलं.

१७ मुलं म्हणजे थोडीच. त्यांनी या परिणामाची तुलना औषधाशी केली होती, पण ते वाचून कुणी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.

आता आपल्याकडे बघा. ठाण्याला येऊर आहे, तलावपाळी आहे. कल्याणला काळा तलाव, खाडी. डोंबिवलीकर आईबाप मात्र लोकलमधून उतरतात तेव्हा अंधार पडलेला असतो, त्यामुळे उजेडातली वीस मिनिटं द्यायची तर शाळेनेच. आणि चुळबुळ्या मुलाला पहिली शिक्षा कोणती? "खेळाचा तास बंद, वही पूर्ण कर." म्हणजे ज्याला बाहेर जाण्याची सगळ्यात जास्त गरज, तोच आत!

पुढच्या पालकसभेत एवढं तरी विचारा: त्या तासाच्या आधी आणि नंतर त्याच्याकडून आकडे उलटे म्हणवून घेतलेत का? चाचणी फुकटची आहे.