चेहरा आणि प्रसंग

कारंजा लाडच्या गुरुमंदिरात येणाऱ्याला नरहरीची कथा सांगावी लागत नाही. गुरुचरित्रातले हे मूल जन्मताच ॐकार म्हणते आणि मुंजीचे वय होईपर्यंत दुसरा शब्द काढत नाही. लोक त्याला मुके समजतात. आईवडील कष्टी होतात, तेव्हा ते खुणेने सांगते, मुंज करा, मग बोलेन. मुंजीत आई भिक्षा घालते आणि त्याच्या तोंडून वेद बाहेर पडतात. चेहरा तोच, मौन तेच; शेजाऱ्यांना त्यात व्यंग दिसले, आईवडिलांना खूण पटली. दुसऱ्याच्या मनातले आपण कशावरून ओळखतो, हाच या पुस्तकाचा विषय.

डार्विनचा भावनांच्या आविष्कारावरचा ग्रंथ 1872 चा. त्यासाठी त्याने देशोदेशी प्रश्न पाठवले होते, आणि त्यांवरून चौकशी आपल्याकडे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही झाली. ती करणाऱ्या एर्स्किन यांना खात्रीचे काही सांगता येईना, कारण युरोपीय माणसासमोर इथले लोक आपल्या भावना झाकत. मला ही नोंद फार मोलाची वाटते. साहेब समोर असणे हाच तिथला प्रसंग होता, आणि पाहणाराच त्या प्रसंगाचा भाग झाला होता.

पुढे पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांना फोटो दाखवले. मूळ भावना सर्वत्र ओळखू येतात, हा त्यांचा 1971 चा निष्कर्ष गाजला. पण फोटो निवडण्याआधी तिथे एक छोटी गोष्ट ऐकवली जात होती, हे विसरू नये. 2012 मध्ये हिलेल अविएझर आणि सहकाऱ्यांनी टेनिसपटूंचे फोटो वापरले. गुण मिळाला की गेला, हे नुसत्या चेहऱ्यावरून लोकांना सांगता आले नाही, शरीरावरून आले. आपल्या नाट्यशास्त्राने तर अनुभावाच्या, म्हणजे भाव बाहेर दाखवणाऱ्या खुणांच्या, जोडीला विभाव, म्हणजे भाव जागवणारी कारणे, आणि व्यभिचारी, म्हणजे येणारे-जाणारे, भाव मुळातच धरले आहेत. अश्रू आनंदाचेही असतात, हे त्याला ठाऊक आहे.

वाचकहो, ही प्रकरणे वाचताना उदाहरणे आपल्या गावातली घ्या. बाजार समितीत हर्रास चालू असताना शेतकऱ्याचा चेहरा पाहा, बोली किती लागली ते पाहा, आणि शक्य असेल तर त्यालाच विचारा. नोंद करताना त्याच्यासमोर कोण उभे होते, तेही लिहा.