रझाकारी अमलाचा हिशेब

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं सायंकाळीं हैदराबादच्या डेक्कन रेडिओवरून निजाम मीर उस्मान अलीखान यांचें भाषण ध्वनिक्षेपित झालें. लढाई थांबल्याची आणि लायक अलींचें मंत्रिमंडळ गेल्याची वार्ता संस्थानच्या प्रजेला त्या भाषणानें कळली. दुसऱ्या दिवशीं जनरल एल् एद्रूस यांनीं मेजर जनरल चौधरी यांच्यापुढें शरणागति पत्करली. या पांच दिवसांच्या लष्करी मोहिमेला 'पोलिस अॅक्शन' असें काहींसें सौम्य नांव मिळालें आणि तेंच रूढ झालें. मराठवाड्यांत हा दिवस दरसाल साजरा होतो. तें योग्यच आहे. माझा आजचा विषय मात्र त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो. ज्यांचीं घरें जळलीं, ज्यांचीं माणसें गेलीं, जे तुरुंगांत खितपत पडले, त्यांनीं पुढें न्याय कोणाकडे मागितला आणि तो त्यांच्या पदरांत कितपत पडला, हें परभणी जिल्हा डोळ्यांपुढें ठेवून पाहावें, एवढाच हेतु आहे.

परभणी हा निजामाच्या सोळा जिल्ह्यांपैकीं एक. आजचा हिंगोली जिल्हा त्या वेळीं त्यांतच होता. तो १९९९ सालीं वेगळा झाला. परतूर तालुकाही तेव्हां परभणीचाच. संस्थानचा विस्तार सुमारें ८२ हजार चौरस मैल आणि लोकसंख्या १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें एक कोट त्रेसष्ट लाख. एवढ्या प्रजेला सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. ज्या हुकुमानें हें बंधन घातलें तो 'गश्ती निशाण ५३' या नांवानें इतका परिचित झाला कीं, खेड्यांतल्या निरक्षर माणसालाही तो आंकडा पाठ असे. अशा स्थितींतही १९३७ सालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं भरलें. पुढच्याच वर्षीं स्टेट काँग्रेस स्थापन होऊं घातली, तोंच तिच्यावर बंदी आली. जन्मापूर्वीं बंदी, असा हा विलक्षण प्रकार होय.

'रझाकार' या शब्दाचा मूळ अर्थ स्वयंसेवक. लातूरचे वकील कासिम रझवी यांनीं इत्तेहादची सूत्रें हातीं घेतल्यावर या स्वयंसेवकांची सेना झाली, आणि १९४७ च्या नोव्हेंबरांत भारत सरकारशीं 'जैसे थे' करार होऊनही तिचा धुमाकूळ वाढतच गेला. परभणी जिल्ह्याच्या उत्तरेस पैनगंगा; पलीकडे वऱ्हाड, म्हणजे स्वतंत्र भारत. नदी ओलांडली कीं अंमल बदले. जीव मुठींत धरून कुटुंबेंच्या कुटुंबें ती ओलांडून गेलीं. आणि त्याच हद्दीवरून, उमरखेडसारख्या छावण्यांतून, तरुण मंडळी उलट दिशेनें आंत शिरून करोडगिरीचे नाके जाळीत आणि पोलिस ठाण्यांवर चालून जात. वसमत तालुक्यांतील वापटीचे बहिर्जी शिंदे आजेगांवच्या लढाईंत पडले, ते याच धामधुमींत. वसमतच्या महाविद्यालयाला आज त्यांचें नांव आहे.

या राजवटीचे बळी केवळ हिंदूच होते, असें मात्र कोणी समजूं नये. 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबुल्लाखान यांचा ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत भर रस्त्यांत खून झाला. भारतांत विलीन व्हावें असें त्यांनीं लिहिलें, हाच त्यांचा अपराध.

आतां न्यायाकडे वळूं. लष्करी अंमल सुरू होतांच १३५८ फसलीच्या एका विशेष कायद्यान्वयें खास न्यायाधिकरणें नेमण्यांत आलीं. रझवींवर दोन मोठे खटले झाले. एक शोएबुल्लाखानांच्या खुनाचा आणि दुसरा बीबीनगरच्या दरोड्याचा. १० जानेवारी १९४८ रोजीं आगगाडीनें परत येत असतां बीबीनगर स्टेशनावर रझाकारांनीं उतरून लूट व जाळपोळ केली, असा तो दुसरा आरोप. खुनाच्या खटल्यांतील शिक्षा वरिष्ठ न्यायालयांत टिकली नाहीं. बीबीनगरची सात वर्षांची शिक्षा टिकली, आणि त्याविरुद्धचें अपील १९५३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें फेटाळलें. हें बहुमत होतें, एकमत नव्हतें, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतों. नव्या राज्यघटनेनें सर्वांना समान संरक्षण दिलें असतां रझवींसाठीं वेगळी न्यायपद्धति कशी चालेल, असा प्रश्न होता, आणि न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं आरोपीच्या बाजूनें विरोधी मत नोंदविलें. त्याच वर्षीं वरंगळच्या एका माजी सुभेदाराला याच न्यायालयानें दोषमुक्त केलें. गांव जाळल्याचा आरोप त्याच्यावर होता. परंतु घटनास्थळीं हजर असलेल्या एका मोठ्या पोलिस अधिकाऱ्याला फिर्यादी पक्षानें साक्षीला उभेंच केलें नव्हतें.

बळींच्या नातेवाइकांना हा निकाल कडू वाटला असेल, यांत शंका नाहीं. तरीही मला त्यांत कांहीं वावगें दिसत नाहीं. ज्या राजवटींत पुराव्यावांचून माणसें कोंडलीं जात, तिच्या अधिकाऱ्यांना पुराव्यावांचून शिक्षा झाली नाहीं, हा तिच्यांत आणि आपल्यांत फरक होता. खटकतें तें निराळेंच. बीबीनगर परभणीपासून किती दूर! ज्या सेनेनें संस्थानभर हैदोस घातला, तिच्या पुढाऱ्याला शेवटीं शिक्षा भोगावी लागली ती एका स्टेशनाजवळच्या दरोड्याबद्दल. पैनगंगेकांठच्या ज्या शेतकऱ्याचें घर जळलें, त्याच्या नांवाचा रझवींच्या त्या खटल्यांत उल्लेख येण्याचें कारणच नव्हतें. शिक्षा भोगून रझवी १९५७ सालीं सुटले, पाकिस्तानांत गेले आणि १९७० सालीं तेथेंच वारले. लायक अली तर १९५० च्या मार्चमध्येंच नजरकैदेंतून निसटून पाकिस्तानांत पोहोंचले होते.

आणि स्वतः निजाम? त्यांच्यावर खटला झाला नाहीं. ५० लाखांचा सालिना तनखा, राजवाड्यांच्या देखभालीस २५ लाख, आणि सर्फेखास जमिनी सरकारजमा झाल्याची भरपाई म्हणून आणखी २५ लाख, अशी त्यांची तजवीज झाली, आणि २६ जानेवारी १९५० रोजीं ते राजप्रमुख झाले. दिल्लीच्या मुत्सद्द्यांजवळ याचीं कारणें होतीं. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढें पोहोंचली होती, ती निजामांच्याच शब्दानें मागें घ्यावयाची होती. शिवाय मुसलमान प्रजेला दिलासा हवा होता. हीं कारणें मला पटतात. पण ज्यांच्या जमिनी हिरावून सर्फेखास वाढलें असेल, त्यांना या हिशेबांत कोणतें कलम मिळालें, हें विचारल्यावांचून राहवत नाहीं.

यानंतरचें प्रकरण आपल्या सभासमारंभांतून क्वचितच बोललें जातें. पोलिस अॅक्शनच्या सुमारास आणि त्यानंतरच्या आठवड्यांत सूडाची लाट उसळली, व तिच्याखालीं ज्यांनीं रझाकारांचा गणवेश कधीं पाहिलाही नसेल असे मुसलमान शेतकरी, विणकर, बायामुलें सांपडलीं. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे भारत सरकारच्या वतीनें १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत संस्थानांत फिरले. सोळापैकीं नऊ जिल्हे त्यांनीं पाहिले आणि जेथें जातां आलें नाहीं अशा शंभरावर गांवांतील लोकांच्या जबान्या घेतल्या. मृतांची संख्या २७ हजार ते ४० हजार असावी, असा त्यांचा अंदाज. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड येथें कहर सर्वांत अधिक झाला, असें ते सांगतात. परभणीचें नांव त्या चारांत नाहीं. पण नांदेडची शीव परभणीला लागूनच आहे. कित्येक ठिकाणीं हिंदु शेजाऱ्यांनीं मुसलमानांना आश्रय दिला, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे.

हा अहवाल सरकारनें छापला नाहीं. सरदार पटेल यांना तो एकांगी वाटला. त्यांतील आंकड्यांवर वाद होऊं शकतो. अशा वेळच्या मोजणीवर तो नेहमींच होतो. परंतु छापला असता तर वाद तरी झाला असता. तो दडवल्यानें एका बाजूचे लोक म्हणत राहिले कीं असें कांहीं घडलेंच नाहीं, आणि दुसऱ्या बाजूच्या घरांतून कुजबुजीनें आंकडे वाढत गेले. संशोधकांना दिल्लींत तो मोकळेपणानें पाहावयास मिळूं लागला, तोपर्यंत साठ वर्षें उलटून गेलीं होतीं. अर्जेंटिनांत लष्करी हुकूमशाही गेल्यावर १९८४ सालीं चौकशी समितीचा अहवाल आधीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या आधारें १९८५ सालीं सेनानींवर खटला चालला. आपल्याकडे खटले चालले आणि अहवाल कपाटांत गेला.

मग सामान्य बळीपुढें उरलें काय? उरला तो निवृत्तिवेतनाचा अर्ज. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्र सरकारनें स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना सुरू केली. प्रथम ती गरजूंसाठीं होती, म्हणून वार्षिक पांच हजारांची उत्पन्नमर्यादा होती. १९८० सालीं ती मर्यादा गेली आणि योजनेच्या नांवांत 'सन्मान' हा शब्द आला. संस्थानांच्या विलीनीकरणासाठीं १९४७ नंतर झालेल्या लढ्यांतील लोकही तिच्यांत बसत. अट अशी कीं सहा महिने कारावास किंवा भूमिगत जीवन भोगलेलें असावें. स्त्रियांना आणि दलित व आदिवासी बांधवांना तीन महिने पुरत.

अट वाचावयास सोपी आहे. पण क्षणभर कल्पना करा. परभणीचा एक म्हातारा चोवीस वर्षांनंतर सिद्ध करूं पाहतो कीं आपण भूमिगत होतों. भूमिगत राहण्याची सगळी कला मागें कागद न ठेवण्यांत! जे तुरुंगांत होते त्यांचे कागद असले तर उर्दूंत, तेही मोडी वळणाइतक्याच दुर्बोध शिकस्ता लिपींत, आणि तारखा फसली सनाच्या. त्यांतून १९५६ सालीं संस्थानचे तीन तुकडे झाले. माणूस मुंबई राज्यांत, पुढें महाराष्ट्रांत, दप्तर हैदराबादेंत. कागद मिळत नाहीं असा दाखला आणावयाचा, आणि दीर्घ कारावास भोगलेल्या एखाद्या पुढाऱ्याचें प्रमाणपत्र जोडावयाचें. ज्याची पुढाऱ्याशीं ओळख, त्याचें काम सुकर. ज्यानें भाकरी पोंचवल्या, निरोप नेले, त्याला ओळखणार कोण? अशा बायका तर शेंकड्यांनीं असतील.

या वाटेनें खोटे अर्जही घुसले. शेजारच्या बीड जिल्ह्यांतील बनावट स्वातंत्र्यसैनिकांचें प्रकरण चौकशी होऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि २००५ सालीं त्याचा निकाल लागला. दुसरीकडे याच न्यायालयानें २००१ सालीं एका पंजाबी अर्जदाराच्या बाबतींत बजावलें होतें कीं, अशा अर्जांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागूं नये, संभाव्यतेवर निर्णय द्यावा. दोन्ही निकाल बरोबर आहेत. पण त्यांच्यामध्यें प्रामाणिक म्हाताऱ्याची जी ओढाताण झाली, ती सांगावयास आज फार थोडे जण उरले आहेत.

शिवाय निवृत्तिवेतन हें लढणाऱ्यासाठीं. जो लढला नाहीं, केवळ लुटला गेला, त्याच्यासाठीं त्यांत रकाना नाहीं. आणि १९४८ च्या हिवाळ्यांत विधवा झालेल्या मुसलमान स्त्रीसाठींही नाहीं.

श्रोत्यांपैकीं ज्यांचीं मूळ गांवें परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, वसमत या बाजूचीं असतील, त्यांना एक विनंती आहे. घरच्या जुन्या पेटींत उर्दू लिपीचे कागद सांपडले, तर वाचतां येत नाहींत म्हणून ते रद्दींत घालूं नका. वॉरंट असेल, लुटीची फिर्याद असेल, नुसती जमिनीची पावती असेल. उर्दू जाणणाऱ्या कोणाकडून तरी तो वाचून घ्या आणि मराठींत उतरवून ठेवा. कागद ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल तर फसली सनांत ५९० मिळवावे, एरवीं ५९१; म्हणजे इसवी सन निघतो.