भारलेले हृदय

विद्युतघटाचा इतिहास लिहिताना तो कोणी शोधला आणि केव्हा शोधला, याची नोंद आवर्जून ठेवली जाते. तो वेळेवर भारण्याची आठवण पुढे कोणी ठेवायची, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वैद्यकीय उपकरणांच्या बाबतीत हा दुसरा प्रश्नच अधिक मोलाचा आहे, असे आम्हांस वाटते.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शल्यविशारद ओके सेनिंग यांनी आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या रुग्णाच्या शरीरात पेसमेकर बसवला. संपूर्ण यंत्र शरीराच्या आत, असे हे जगातील पहिलेच उदाहरण. रुने एल्मक्विस्ट या अभियंत्याने घडवलेल्या त्या यंत्रात निकेल-कॅडमियमचे दोन घट होते. हा प्रकारही स्वीडनचाच. वाल्डेमार युंगनर याने तो १८९९ साली शोधला होता. बाहेरून त्वचेवर तारेचे वेटोळे ठेवायचे आणि प्रवर्तनाने आतले घट पुन्हा भारायचे, अशी योजना होती. पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले, दुसरेही फार टिकले नाही. लार्सन मात्र वीसहून अधिक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत जगले. सेनिंग आणि एल्मक्विस्ट या दोघांच्याही पश्चात.

पुढे १९६० मध्ये अमेरिकेत विल्सन ग्रेटबॅच आणि डॉक्टर चार्डॅक यांनी पाऱ्याचे, एकदाच वापरायचे घट निवडले. ते साधारण दोन वर्षांत संपत आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. म्हणून १९७३ मध्ये पुनर्भारित पेसमेकर पुन्हा बाजारात आला. पण त्याआधीच, १९७२ मध्ये, लिथियम-आयोडीन घट अवतरला होता. त्यातून वायू निघत नसे, म्हणून तो धातूच्या कवचात पूर्ण बंद करता येई. शिवाय तो अनेक वर्षे चाले आणि रुग्णाकडे काहीच मागत नसे. दर आठवड्याला हृदय भारत बसण्याचा नेम कोणा आजाऱ्याला आवडेल?

रुग्णालयाच्या फडताळात असलेल्या यंत्रांना मात्र हा नेम चुकलेला नाही. निकेल-कॅडमियम घट वारंवार अर्धवट वापरून भारला, तर त्याचा दाब लवकर उतरतो. पूर्ण रिकामा करून पुन्हा भारल्यास पुष्कळदा तो सावरतो. शिसे-आम्लाचा घट रिकामा पडून राहिला की पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक घट्ट धरतात, आणि मग तो सहसा पूर्वपदावर येत नाही. लिथियम-आयन अतिरिक्त उतरला, तर तांबे विरघळून आतल्या आत जोडणी होण्याचा धोका असतो. त्याला जिवंत करण्याचा हट्ट धरू नये. शिवाय सावरलेल्या घटावरचा हिरवा दिवा पुरावा नव्हे. भार देऊन तो प्रत्यक्ष किती वेळ चालतो, हे मोजावे लागते. हृदयाला झटका देणाऱ्या यंत्रात तर अशा घटावर विसंबणेच गैर.

मेरुरज्जूतील वेदनाशामक उत्तेजकासाठी पुनर्भारित घटाला अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली आणि एल्मक्विस्टची कल्पना परतली. तेथे घट उतरला तर वेदना परतते, प्राण जात नाही. विसरण्याची किंमत किती, यावरून घट निवडावा, हा धडा या इतिहासातून आम्ही घेतो. जेथे ती किंमत प्राणांची आहे, तेथे आठवण ठेवण्याचे ओझे रुग्णावर टाकू नये. आणि रुग्णालयात ते कोणा एका माणसाच्या नावे, तारखेसह, वहीत लिहिलेले असावे.