कर्मचारी कमी, ॲप जास्त. मग बँकेचा नफा वाढतो का?

१ मे २०२५ रोजी महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि विदर्भ कोकण ग्रामीण बँक एकत्र आल्या आणि राज्यात एकच ग्रामीण बँक उरली. तिचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरमध्ये आहे. देशभरात तेव्हा ४३ ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. उद्देश होता खर्च कमी करणं. पण खर्च कमी झाला की नफा वाढतोच का?

नफा कसा ठरतो?

कर्जावर मिळणारं व्याज आणि ठेवींवर दिलेलं व्याज यातला फरक हे बँकेचं मुख्य उत्पन्न. त्यातून पगार, पेन्शन, भाडं, संगणक यंत्रणा यांचा खर्च आणि बुडीत कर्जांची तरतूद वजा होते. १०० रुपये कमवायला ६० रुपये खर्च होत असतील, तर खर्च-उत्पन्न गुणोत्तर ६० टक्के.

कर्मचारी खर्चाचा फटका किती?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर ग्रामीण बँकांमध्ये पेन्शन लागू झाली. तिच्या तरतुदीचा मोठा भार पडला. देशातल्या ग्रामीण बँकांना मिळून २०१८-१९ मध्ये ६५२ कोटी, तर २०१९-२० मध्ये २,२०८ कोटी रुपयांचा तोटा झाला. पुढे चित्र पालटलं. २०२३-२४ मध्ये नफा ७,५७१ कोटींवर गेला. २०२४-२५ मध्ये तो ६,८२५ कोटींवर आला. कारणं दोन: मागील तारखेपासून लागू झालेली पेन्शन आणि ‘कॉम्प्युटर इन्क्रिमेंट’, म्हणजे संगणकावर काम करण्याबद्दलच्या वेतनवाढीची देणी. थोडक्यात, माणूस निवृत्त झाला तरी खर्च संपत नाही.

डिजिटलमुळे काय बदलतं?

काउंटरवरची गर्दी कमी होते. पण सॉफ्टवेअर, सायबर सुरक्षा आणि बँक मित्रांचं कमिशन हे नवे खर्च येतात. शिवाय जानेवारी २०२० पासून खात्यातून होणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही. व्यवहार वाढले म्हणून थेट कमाई वाढत नाही.

मग फायदा कधी होतो?

पासबुक आणि पैसे काढण्याच्या कामातून मोकळा झालेला कर्मचारी कर्जवाटप आणि वसुलीकडे वळला तर. पीककर्ज घेणाऱ्याची शेती, हंगाम आणि अडचण ॲपला पुरती कळत नाही. शाखेत माणसंच उरली नाहीत, तर पगार वाचतो. पण कर्ज थकलं की तेवढाच पैसा तरतुदीत जाऊ शकतो.

बँकेचा अहवाल वाचताना म्हणूनच तीन आकडे एकत्र पाहावेत: प्रति कर्मचारी व्यवसाय, खर्च-उत्पन्न गुणोत्तर आणि थकीत कर्जाचं प्रमाण.