केरळचा पाच, अमेरिकेचा साडेपाच

नमुना नोंदणी प्रणालीचा २०२३ सालचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि केरळने अमेरिकेला मागे टाकल्याचा मथळा सर्वत्र फिरला. हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके केरळात ५, तर अमेरिकेत सुमारे ५.६. संपूर्ण भारताचा अर्भक मृत्युदर २५ आहे. १९७१ मध्ये तो १२९ होता. वार्ता आनंदाचीच आहे. परंतु दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना ते कोणी आणि कसे मोजले, हे आपण क्वचितच विचारतो. या प्रश्नाचा इतिहास मोठा रंजक असून त्यातील एक महत्त्वाचे पान बंगालमधील एका खेड्याच्या परिसरात लिहिले गेले.

ब्रिटिश अमदानीत गावातील जन्ममृत्यूंच्या नोंदी अत्यंत अपुऱ्या असत. जन्मताच गेलेले मूल पुष्कळदा ना जन्माच्या वहीत येई, ना मृत्यूच्या. त्यामुळे अभ्यासकांना जनगणनेतील वयोगटांवरून उलटे गणित मांडून आयुर्मान काढावे लागे. १९११ ते १९२१ या दशकासाठी ते जेमतेम २० वर्षे आले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा त्यात मोठा वाटा होता. यावरून त्या काळी माणसे विशीतच मरत, असे समजणारे आजही भेटतात. दोन बालकांपैकी एक जन्मताच गेले आणि दुसरे साठ वर्षे जगले, तर सरासरी तीस येते. तिशीत मात्र कोणीच मेलेले नसते. आयुर्मानाच्या जुन्या आकड्यांत पाळण्यातील मृत्यूंचे ओझे असे दडलेले असते.

मग वहीत न आलेले जन्म मोजायचे कसे? कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेतील सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्‌स डेमिंग यांनी सिंगूर आरोग्य केंद्राच्या परिसरातील माहितीवर १९४९ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती साधी होती. एक यादी निबंधकाची, दुसरी घरोघर फिरून स्वतंत्रपणे केलेली. समजा, १०० जन्म दोन्ही याद्यांत आहेत, २० केवळ पहिल्या आणि ३० केवळ दुसऱ्या यादीत. दोन्ही याद्या खरोखर परस्परस्वतंत्र असतील, तर दोघींच्याही नजरेतून सुटलेले जन्म २० गुणिले ३० भागिले १००, म्हणजे ६ निघतात. न दिसलेल्याची मोजदाद करण्याची इतकी सुबक रीत क्वचितच आढळते.

१९७० च्या सुमारास देशभर रुजलेल्या नमुना नोंदणी प्रणालीत हेच सूत्र जसेच्या तसे वापरले जात नाही, पण दुहेरी नोंदीचा विचार तोच आहे. निवडलेल्या गावात वा वस्तीत स्थानिक गणक वर्षभर नोंद ठेवतो. दर सहा महिन्यांनी पर्यवेक्षक स्वतंत्र पाहणी करतो. ज्या नोंदी जुळत नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा घर गाठले जाते.

व्याख्येची भानगड वेगळीच. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० मध्ये ठरवले की, गर्भ कितीही आठवड्यांचा असो, जन्मल्यावर जीवनाचे एकही चिन्ह दिसले तर तो जिवंत जन्म. सोव्हिएत संघात मात्र २८ आठवड्यांच्या आत जन्मलेले किंवा हजार ग्रॅमहून हलके मूल सात दिवसांत दगावले, तर ते जिवंत जन्मांत धरलेच जात नसे. दर आपोआप खाली येई. याउलट, अमेरिकेत अत्यंत अपुऱ्या दिवसांची बालकेही जिवंत जन्म म्हणून नोंदली जातात, आणि तिचा दर त्यामुळे काहीसा वर राहतो.

केरळचा ५ हा नमुन्यावरून काढलेला अंदाज आहे, तर अमेरिकेचा ५.६ हा देशभरच्या नोंदींतून आलेला. केरळची कामगिरी त्यामुळे रतिभरही उणी होत नाही. मात्र अर्ध्या अंकाच्या फरकावर विजयोत्सव करणे मला तरी पटत नाही. त्याच अहवालात मध्य प्रदेशाचा दर ३७ आहे. तेथे प्रणालीही तीच आणि व्याख्याही तीच, तेव्हा ३२ अंकांच्या या अंतराचे खापर मोजणीच्या रीतीवर फोडता येत नाही.