दुष्काळ उतरतो सावकाश

१९७२ चा दुष्काळ म्हटला की खडी फोडणारी माणसे, सुकडी आणि लाल मिलो आठवतो. गोठ्यातली गाय मात्र विसरली जाते. कडबा संपला, गवत वाळून गेले, तेव्हा ऊसपट्ट्यातले वाढे अनेक जनावरांचा आधार ठरले. वाढ्यांनी जीव तगला, पण अंग भरले नाही. वाढ्यांत प्रथिने थोडी. शिवाय त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियम अडवून ठेवते. दुधाच्या प्रत्येक लिटरबरोबर सुमारे सव्वा ग्रॅम कॅल्शियम बाहेर जाते. चाऱ्यातून ते मिळाले नाही, तर गाय ते आपल्या हाडांतून देते. म्हणूनच वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतात.

पाऊस झाला, घरात दाणे आले, की फासळ्या दिसणाऱ्या गाईपुढे मायेने धान्याची पाटी ठेवावीशी वाटते. पण तिच्या पोटातले जिवाणू चाऱ्याला सरावलेले असतात. एकदम धान्य पडले तर पोटात आम्ल वाढते. गाय दगावूही शकते. तेव्हा चारा पोटभर, पाणी मुबलक, आणि पेंड दोन-तीन आठवड्यांत थोडीथोडी वाढवत न्यावी. शिवारातला दुष्काळ एका चांगल्या पावसाने हटतो. गाईच्या अंगावरून उतरायला त्याला महिने लागतात.